टोकाला बसलेली ई

आमच्या घरात सोफ्याचं उजवं टोक माझं. तिथून टीव्ही दिसतो, स्वयंपाकघर दिसतं, गॅलरीतून कोण कुठल्या पिशव्या घेऊन गेलं ते दिसतं, आणि घरात कोण काय चुकतंय ते तर फारच छान दिसतं. फणसवाडीतल्या आमच्या चाळीत मला सगळे ‘बाई’ म्हणतात. उभा जन्म मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मला पाहून जिन्यातली पोरं अजून सिगरेट लपवतात. त्यातली काही आता आजोबा आहेत.

नातीच्या शाळेत एक पद्धत आहे. दर आठवड्याला कुणाची तरी आई किंवा बाबा वर्गात येऊन थोडा वेळ शिकवतात. कुणी तबला वाजवून दाखवला, कुणी दातांची कवळी आणून दात कसे घासायचे ते सांगितलं. नात दुसरीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या घराची पाळी आली. वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला की सध्या सारख्या उच्चाराचे शब्द चालू आहेत, लिहायला वेगळे आणि बोलायला एक, तर त्यातलंच काही गमतीनं घेता आलं तर घ्यावं.

मुलगा म्हणाला, “आई, तूच जा ना. तुझा तर हातचा मळ.”

“छे, मला कुठे आता,” मी म्हणाले. गिरगावात ‘मला कुठे आता’ याचा अर्थ ‘कुठली साडी नेसू’ असा होतो, हे मुलाला ठाऊक आहे.

सून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “नाही. मी जाणार.”

सून लालबागची. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळेल ते केलं, त्यात हिने शिकून घेतलं. ती परळला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. शिक्षण मराठी शाळेत. कामापुरतं इंग्रजी तिला उत्तम येतं, पण आपल्याला ते येत नाही अशी तिची समजूत आहे. ही समजूत कुठून आली ते मी पुढे सांगणारच आहे, कारण सोफ्याच्या या टोकाशी तिचा संबंध आहे.

ती का हट्टाला पेटली तेही मला माहीत होतं. काही दिवसांपूर्वी गॅलरीत नात शेजारच्या मैत्रिणीला सांगत होती, “माझ्या मम्मीला इंग्लिश नाही येत. आजीला येतं.” मी आत ऐकलं. सून तिथेच कपडे वाळत घालत होती, तिनेही ऐकलं. तिने हातातला चिमटा दोरीवर लावला, पुन्हा काढला, पुन्हा लावला. आणि मी? खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं होतं. म्हातारपणी कौतुक कुठूनही आलं तरी गोड लागतं.

त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, “आई, हे माझं मला करायचंय. मी रोज घरी तयारी करीन. तुम्ही फक्त काही बोलू नका.”

“मी कधी काही बोलते का?”

मुलाला एकदम ठसका लागला. तो पाणी प्यायला आत गेला.

तर तयारी सुरू झाली. जेवणं आटोपली की सून भिंतीला पाठ लावून उभी राहायची, नात खाली सतरंजीवर विद्यार्थिनी म्हणून बसायची, आणि मी माझ्या जागी, तोंडाला कुलूप लावून. “टुडे वी विल लर्न,” असं म्हणून ती सुरुवात करायची आणि माझ्याकडे बघायची. मी शब्द दिला होता, तो पाळला. पण माझ्या डाव्या भुवईने कुठलाच शब्द दिला नव्हता. ती भुवई आयुष्यभर शिक्षण खात्याच्या सेवेत होती आणि अजून निवृत्त झालेली नाही. कुठे उच्चार घसरला की ती आपोआप वर जाते. ती वर गेली की सून अडखळायची, वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायची, पुन्हा तिथेच अडखळायची. आवाज बारीक व्हायचा. नात जांभया द्यायची.

मदत म्हणून मी तिला माझा आरसा देऊ केला. “बोलायचं नाही म्हणालीस, द्यायचं नाही असं नाही म्हणालीस.” तिने तो आदराने घेतला आणि तितक्याच आदराने फळीवर ठेवला.

त्या आरशाचं असं झालं होतं. मी नवी नवी बाई झाले तेव्हा माझ्या अंगात जे काही संचारलं होतं त्याला शिक्षणशास्त्रात नाव नसावं. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की स्वर तोंडाच्या आकारावर ठरतात, मुलांना आकार दाखवा. झालं! कडक स्टार्चची साडी, घड्याळ उजव्या मनगटावर, पर्समध्ये आरसे, आणि चेहरा असा की विलायतेहून बोट कालच लागली. इंग्रज माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. ऐकला होता तो रेडिओवर, तोही खरखरीतून. तेवढ्या भांडवलावर मी घरी आईकडे “वॉटऽ” मागायचे. आई म्हणायची, “माठात आहे, घे.”

वर्गात माझगावच्या गोदीत काम करणाऱ्यांची मुलं होती, वाडीतली होती, इराण्याच्या हॉटेलात भाऊ कामाला असलेली होती. आमच्याकडे तेव्हा इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. मी बाकाबाकावर आरसा दिला आणि म्हटलं, “कॅट म्हणा आणि ओठ बघा. आता केट म्हणा आणि ओठ बघा.” मुलांनी आरशात सगळं बघितलं. हलणारा दात बघितला, नवीन रिबीन बघितली, मागच्या बाकावरचा कोण वेडावतोय ते बघितलं. मग कुणीतरी खिडकीतलं ऊन आरशात धरून छतावर कवडसा पाडला, आणि पुढच्या क्षणी छतावर कवडशांची पकडापकडी सुरू झाली. नेमके त्याच वेळी हेडमास्तर दारात. त्यांनी छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “बाई, भूगोल चाललाय का?”

पण एक गोष्ट मला त्या वयात खरोखर चांगली सुचली होती. निदान मला तसं वाटायचं. कॅप या शब्दाच्या शेवटी एक ई आणून बसवली की त्याचा केप होतो. ई स्वतः तोंड उघडत नाही. पण ती टोकाला नुसती बसली की मधल्या ए-चा सूर बदलतो. हे मुलांच्या डोक्यात काही केल्या शिरेना. बोलतच नाही तर ती हवीच कशाला, असं त्यांचं म्हणणं. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, याच खोलीत मी सून म्हणून आले होते. आमच्या सासूबाई बाजल्याच्या टोकाला बसायच्या. कधी एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत. बोलल्याच नाहीत. पण त्या बसलेल्या असल्या की माझ्या हातून दूध उतू जायचं आणि माहेरच्या माणसांशी बोलताना माझा आवाज पाहुण्यांच्या घरी आल्यासारखा व्हायचा.

मी वर्गात फळ्यावर केप लिहिलं, शेवटच्या ई-ला अंबाडा काढला आणि म्हटलं, “ही सासू. ही काही बोलत नाही. पण ही बसली की आतली सून सरळ बोलेल का?”

वर्ग डोक्यावर घेतला पोरांनी. पुन्हा कधी कुणी तो नियम विसरलं नाही. किट-काइट, हॉप-होप, सगळीकडे पोरं ओरडायची, “सासू आली, सासू आली!” मी वर्गातून तरंगतच बाहेर पडले.

वर्गातली एक मुलगी आमच्याच वाडीत राहायची, हे तरंगताना लक्षात राहिलं नाही. तिने संध्याकाळी आमच्या दारात येऊन सासूबाईंना सगळं साभिनय करून दाखवलं, अंबाड्यासकट. मी आत पोळ्या लाटत होते. पोळीचा नकाशा झाला. सासूबाई काय म्हणाल्या? काही नाही. मुलीच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि टोकाला बसून राहिल्या. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या तोंडून साधा ‘चहा घेता का’सुद्धा कॅपचा केप होऊन बाहेर पडत होता.

हे सगळं मी मैत्रिणींना हसत हसत सांगत आले. गोष्टीत सासू दुसरी आणि सून मी, हे मात्र कधी बदललं नव्हतं.

शाळेचा दिवस जवळ येत चालला. शनिवारी दुपारी मी भाजीला गेले होते. ठाकूरद्वारच्या नाक्यावर माझी नेहमीची भाजीवाली नव्हती, म्हणून थोडक्यात आटपून लवकर परतले. जिना चढताना वरून आवाज आला. कुणीतरी बाई मोठ्याने, अगदी खणखणीत, काहीतरी सांगत होती आणि पोरं खिदळत होती. मला वाटलं टीव्ही असेल. मग ओळखला. आवाज आमच्या सुनेचा होता. इतक्या वर्षांत मी तो कधी पूर्ण ऐकलाच नव्हता.

मी वळणावर थांबले. तिने गॅलरीतली सगळी पोरं घरात गोळा केली होती.

“आमच्या लालबागच्या चाळीत तीन तात्या होते,” ती सांगत होती. “एक नळाजवळचे तात्या, एक भजनी तात्या, एक कोंबडीवाले तात्या. खालून कुणी हाक मारली, ‘ओ तात्याऽ’, की कठड्यावरून किती डोकी बाहेर यायची?”

“तीऽऽन!”

“हाक एक, डोकी तीन. मग आपल्याला कुठला तात्या पायजे ते कसं कळणार?”

“खोलीवरून!”

“बरोब्बर. कोण कुठल्या खोलीत राहतो ते बघायचं. आता मी हाक मारते, मीट! कोण कोण डोकं काढणार? डबल ई-च्या खोलीत राहतो तो तात्या काय करतो? तो भेटायला येतो. आणि ई-ए च्या खोलीतला?”

कुणालाच येईना. मग तिने आवाज खाली आणून, अस्सल मालवणीत सांगितलं, “ई-ए वालो तात्या मटान हाडता!”

हाडता म्हणजे आणतो, हे आमच्या गिरगावातल्या पोरांना कुणी सांगावं लागलं नाही. मटण म्हटल्यावर सगळं कळतं. जी काही खदखदून हसली पोरं! मग सन आला, एक आकाशातला आणि एक आईचा लाडका. टेल आली, एक कुत्र्याची शेपटी आणि एक आजीची गोष्ट. मध्येच तिने फळीवरच्या पाटीवर काहीतरी उलटं लिहिलं, कुणीतरी दाखवून दिलं, तर म्हणाली, “अरे हो की! चुकीच्या खोलीत शिरले मी,” आणि पुसून टाकलं. अडखळणं नाही, पहिल्यापासून सुरू करणं नाही.

वरच्या मजल्यावरचे एक काका खाली येत होते. “काय बाई, दम लागला?”

“हो.”

“पाणी आणू?”

“नको हो, ऐकू द्या मला!”

“काय?”

“घेऊ द्या. दम घेऊ द्या.”

पण पिशवीत दुधी होता, दोन्ही हात भरून आले होते. शेवटी मी वर गेले. उंबऱ्याशी माझ्या चपलेचा आवाज झाला. सुनेने वळून पाहिलं, आणि माझ्या देखत तिचा आवाज अर्धा झाला.

“ओके चिल्ड्रन, सो टुडे वी…”

“काकी, तात्यांचं सांग ना,” एक पोर म्हणालं.

“नंतर. सरळ बसा आता.”

मी अजून सोफ्यापर्यंत पोचलेही नव्हते. भुवई जागच्या जागी होती. तरी झालं. तो पाहुण्यांच्या घरचा आवाज मी ओळखला. मी त्या आवाजात याच खोलीत कितीतरी काळ बोलले होते.

“अगंबाई, कोथिंबीर राहिलीच,” मी म्हणाले, दुधी दारात ठेवला आणि उतरले. कोथिंबीर पिशवीत होती. ती घेऊनच मी खाली वाडीतल्या बाकावर जाऊन बसले. तिथली म्हातारी मंडळी मला पाहून जरा सरकली. इतक्या वर्षांत मी त्या बाकावर पहिल्यांदाच बसत होते. मी खूप वेळ कोथिंबिरीची पानं निवडत बसले आणि आमच्या सासूबाईंना ठाऊक होतं का, हा विचार करत राहिले. आपण बसलो की सुनेचं काय होतं, हे त्यांना कळत होतं का? की त्याही बिचाऱ्या आपल्या नेहमीच्या जागेवर, जिथून सगळं दिसतं म्हणून, नुसत्याच बसलेल्या असायच्या? मला वाटायचं त्या न बोलून बोलतात. कदाचित त्यांना नुसतं काही बोलायचं नसेल.

त्यानंतर रोज तयारीच्या वेळेला मला कामं निघू लागली. कधी देवळात, कधी केमिस्टकडे, कधी शेजारणीकडे मालिका बघायला. ती मालिका इतकी रटाळ होती की तिच्यातली सासू तरी काही बोलेल याची मी वाट पाहायचे.

आणि यातूनही घोळ झालाच. सून एकदा भांडी आवरताना म्हणाली, “आई, रागावलात का माझ्यावर? मी बोलू नका म्हटलं म्हणून?”

“नाही गं. शेजारची मालिका रंगात आलीय.”

तिला ते खरं वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं.

आदल्या दिवशी तिने विचारलं, “उद्या वर्गात मागे बसायला घरातलं एक माणूस चालतं म्हणाले. तुम्ही याल?”

तिच्या चेहऱ्यावर दोन्ही होतं, या आणि येऊ नका. मला जायचं किती होतं म्हणून सांगू! माझी निळी साडी इस्त्री होऊन आली होती. वर्गाचा, खडूचा तो वास! आताच्या शाळेत खडू नसतो हे माहीत असूनही.

“उद्या मला वडाळ्याला जायचंय, बहिणीकडे,” मी म्हणाले.

नात म्हणाली, “पण आजी, तुझी तर त्यांच्याशी कट्टी आहे ना?”

“म्हणूनच. बट्टी करायला चाललेय.”

एकदा बोलल्यावर जावंच लागलं. आमच्या आईच्या पानाच्या डब्यावरून आम्हा बहिणींचं बिनसलं होतं. तिने दार उघडलं आणि म्हणाली, “आज सूर्य कुठे उगवला?”

“तुमच्या वडाळ्यात कुठेही उगवू दे. चहा टाक.”

आम्ही पत्ते खेळायला बसलो. माझं चित्त वर्गात. ती आता उभी राहिली असेल, आता ‘टुडे वी विल’ म्हणाली असेल. मी भलताच पत्ता टाकला तशी बहीण म्हणाली, “हुकूम इस्पिकचा आहे. तू आलीस कुठे, आहेस कुठे?” मग मी सगळं सांगितलं.

तिने पत्ते खाली ठेवले. “म्हणजे तू मला भेटायला नाही, तिला टाळायला आलीस.”

“दोन्ही.”

“बरं. मग जेवून जा,” ती म्हणाली, आणि सुपारी त्या डब्यातूनच काढून दिली, मला दिसेल अशी.

घरी आले तर सोफ्याच्या उजव्या टोकाला सून बसली होती. पाय वर घेऊन, चहाचा कप हातात. मला पाहून उठायला लागली.

“बस गं,” मी म्हटलं आणि मधे टेकले. मधून टीव्ही नीट दिसत नाही, हा शोध लागला. वर्ग कसा झाला, काय झालं, हे विचारायचं नाही असं बसमध्ये पक्कं ठरवून आले होते. जीभ दातांखाली धरून बसले.

नात धावत आली. “आजी! मम्मीने वर्गात तात्या आणले! टीचरपण हसल्या. माझी फ्रेंड म्हणाली, तुझी मम्मी परत कधी येणार?”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, मम्मीला विचारते. ती बिझी असते.”

सून कपात बघत होती. मग म्हणाली, “आई, एक विचारू? ते दोन स्वर जोडीने फिरायला निघाले की पहिला आपलं नाव सांगतो, दुसरा गप्प, हे त्यांच्या टीचरनी शिकवलंय. एका मुलाने मला विचारलं, मग ब्रेडमध्ये का नाही? तिथे ई-ए आहे, तरी ब्रीड का नाही म्हणायचं? मला नाही आलं. मी सांगितलं, आमच्या घरी एक बाई आहेत, त्यांना विचारून येते. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय.”

माझ्या आतली ती स्टार्चवाली खडबडून जागी झाली. तिला काहीही विचारा, तिच्याकडे नियम तयार असायचा, आणि नसला तर ती तिथल्या तिथे शिवून द्यायची. मी तिला म्हटलं, तू बस जरा.

“मला नाही माहीत,” मी म्हणाले. “हेड, ब्रेड, डेड, सगळी तशीच आहेत. इतकी वर्षं मी ‘पाठ करा’ म्हणून मुलांना गप्प बसवलं.”

सुनेने माझ्याकडे नीट पाहिलं. बाईंना माहीत नाही, हे तिला जरा पचवावं लागलं. मग म्हणाली, “मी सांगू का त्यांना, ब्रेडमधल्या तात्यांचा घसा बसलाय? बोलतात तेच, पण पूर्ण नाव निघत नाही.”

“सांग. तसंही माझ्यापेक्षा बरं आहे.” मग मला राहवेना. “मला नाही का दाखवणार, काय काय केलंस ते?”

तिने कप खाली ठेवला. उठून भिंतीशी उभी राहिली आणि सुरू झाली, “आमच्या लालबागच्या चाळीत…” नात खाली बसून मीच पुढचं सांगते म्हणून मधे मधे करत होती. तात्या आले, मटण आलं. मग कुठल्याशा शब्दावर तिचा उच्चार घसरला. माझी डावी भुवई, जन्माची निर्लज्ज, वर गेली.

सुनेला दिसली. तिने एकदा हसून त्या भुवईकडे पाहिलं, आणि त्याच खणखणीत आवाजात, तो शब्द तसाच म्हणत पुढे गेली.